शालीचं डस्टर

शालीचा तिसरा तुकडा कापून झाला, तेव्हा सोनाली, माझी सून, स्वयंपाकघरातून धावत आली. आई, नवी कोरी शाल आहे हो ती, म्हणाली. मी म्हटलं, नवी आहे म्हणून खडू चांगला पुसेल, आणि कात्री पुढे चालवली. ती कपाळाला हात लावून आत गेली. मी मात्र निवांत बसून सगळ्या शालीचे डस्टरच्या मापाचे तुकडे केले, जरीचा काठसुद्धा सोडला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत नेऊन वर्गावर्गात वाटले आणि दोन स्वतःसाठी ठेवले.

शाल आदल्या संध्याकाळी मिळाली होती, पंडितच्या हातून. पंडित माझाच विद्यार्थी. डिंडोलीतल्या आमच्या सरकारी मराठी शाळेत पाचवी ते सातवी माझ्यासमोर सतरंजीवर बसला. बाप पारोळ्याकडून सुरतेला आलेला, लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, दोन-दोन पाळ्या करायचा. पोराला भागाकार येईना, तर मी मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली भाकरी त्याला देऊन भागाकार शिकवला. त्याच पंडितने ब्याण्णव साली बंद पडलेला एक लूमचा गाळा घेतला, दारावर हंस रंगवला, खाली इंग्लिश मीडियम असं लिहिलं आणि स्वतः संचालक झाला. मशीनचे बोल्ट होते तिथली भोकं फरशीत तशीच आहेत, त्यांच्यावर बाकं टाकली एवढंच.

यंदा फेब्रुवारीत त्याने गॅदरिंगला मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. मीही मूर्ख, इस्त्रीची साडी नेसून गेले. त्याने शाल पांघरली, नारळ दिला, पाया पडला आणि मग माइक हातात घेतला.

"या माझ्या शोभाबाई. यांच्या सरकारी शाळेत शिकलो, म्हणून मी दहावीला तीनदा बसलो. तुमच्या पोरांवर ती वेळ येऊ देऊ नका."

अख्खा मंडप हसला. मी शाल अंगावर आणि नारळ मांडीवर घेऊन स्टेजवर बसलेली. उठून जाता येईना, बसवेना. पहिल्या रांगेत माझा नातू वैभव टाय लावून बसला होता. तोही हसला. सगळे हसतात म्हणून हसला असेल, पण हसला.

होय, माझा स्वतःचा नातू त्याच शाळेत. आजी मास्तरीण असून योगेंद्रने, माझ्या मुलाने, मला न विचारता त्याला तिथे घातला. वर तिथल्या कोणा मॅडमने सांगितलं की घरी मराठीत शिकवू नका, पोराचं इंग्लिश बिघडतं. योगेंद्रने तो निरोप मला जसाच्या तसा दिला. मी बरं म्हटलं, आणि त्या दिवसापासून वैभवच्या पुस्तकाला हात लावला नाही. माझा राग असा आहे. आवाज करत नाही, पण घरही सोडत नाही.

आता हजेरीबुकाचं सांगते, कारण सगळी मेख तिथे होती.

पंडितच्या शाळेला मान्यता नव्हती. मान्यता नाही म्हणजे सातवीनंतर दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय आठवीला कोणी दारात उभं करत नाही. म्हणून त्याच्याकडच्या पोरांची नावं गुपचूप आमच्या शाळेच्या पटावर घातलेली असायची. पोरगं बसायचं त्याच्या बाकावर आणि हजर लागायचं माझ्या बुकात. आई-बापांना याचा पत्ता नसे. दाखल्यावर आमच्या शाळेचं नाव बघून कोणी विचारलंच, तर सरकारी शिक्का लागतो, असं सांगून पंडित मोकळा होई. परीक्षेचे पेपर त्याच्याकडूनच लिहून यायचे, आम्ही फक्त मार्क भरायचे.

आमचे हेडमास्तर भिकन सर हे चालू देत होते, कारण पटावर तीस पोरं नसली तर वर्ग मोडतो, शिक्षक फाजल, म्हणजे जास्तीचा, ठरतो आणि बदली होते. माझ्या सातवीत खरी पोरं बावीस. पंडितची एकवीस धरली की त्रेचाळीस. म्हणजे माझी खुर्ची त्या टायवाल्या भुतांच्या खांद्यावर होती, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. तीन वर्षं रोज सकाळी मी खोटे हजर लावले. त्या यादीत सतरावं नाव वैभवचं. घरी त्याच्याशी धड बोलत नव्हते आणि शाळेत रोज त्याला हजर लावत होते.

शालीचे तुकडे वाटले त्याच दिवशी मी भिकन सरांना सांगितलं, की यंदा जो माझ्या पटावर आहे तो माझ्या वर्गात, माझ्यासमोर परीक्षेला बसेल. नाही बसला तर नापास. सर खुर्चीतून अर्धे उठले. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

"बाई, तुम्ही मन्ही बी नोकरी खाशात आन तुमनी बी."

माझी आधी जाईल, मी म्हटलं. मग नोटिसा लिहिल्या, एकवीस, प्रत्येकीवर मुलाचं पूर्ण नाव, आणि स्वतः घरोघर वाटल्या. लोक चक्रावले. कुसुम म्हणून एक बाई दारात साडीवर टिकल्या चिकटवत बसली होती. तिने कागद उलटापालटा केला आणि म्हणाली, "मना पोऱ्या तं इंग्लिशमा शे. तुमना कागद कसाले उना?" मी म्हटलं, का आला ते पंडितला विचार. प्रत्येक दारात हेच एक वाक्य बोलले. खोटं कशाला सांगू, फार गोड लागलं ते बोलायला.

चौथ्या दिवशी पंडित घरी आला. चपला बाहेर काढल्या, खाली बसला. स्टेजवरचं शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेलं होतं.

"बाई, मी तुमनाच पोऱ्या शे ना. गमतमां बोली गऊ."

मी म्हटलं, गंमत माइकवर केलीस, माफी चटईवर मागतोस. मग मान वर न करता हळूच म्हणाला, की बाई, सतरावं नाव बघा. तुमचाच वैभव आहे. त्याच्यासाठी तरी.

तो मला माझ्याच नातवाचा धाक घालत होता. तोवर माझ्या मनात कुठेतरी थोडी दया होती, ती तिथेच संपली. सगळी येतील, म्हटलं, सतरावंसुद्धा.

एप्रिलमध्ये परीक्षेच्या सकाळी गल्लीतून पोरं आली, टाय आणि बूट घालून, मागे त्यांचे आई-बाप. आमच्या वर्गात बाकं नाहीत. ती सतरंजीवर बूट सांभाळत बसली. आई-बाप खिडक्यांना लागून उभे राहिले. पंडित दाराशी. लेखी झाल्यावर मी तोंडी परीक्षा घेतली, आणि मुद्दाम मोठ्याने सांगितलं की इंग्लिशमध्ये बोला, हिंदीत बोला, गुजरातीत बोला, मला सगळं चालेल.

आधी माझ्या वर्गातली ज्योती उठवली. आई टिकल्या लावते, बाप लूमवर. विचारलं, एका साडीला सहाशे टिकल्या, एका पाकिटात दीडशे, तर सात साड्यांना पाकिटं किती? तिने बोटंसुद्धा हलवली नाहीत. अठ्ठावीस, म्हणाली, आणि एखादं जास्तीचं घ्यायचं बाई, खाली सांडतात. खिडकीत कोणीतरी हसलं.

मग पंडितच्या शाळेतला, हिलालचा मुलगा. हिलाल रात्रपाळी करून तसाच आलेला, केसांत लूमवरचे धागे. पोराने गायीवरचा इंग्लिश निबंध घडाघडा म्हटला, एक शब्द चुकला नाही. हिलालची मान ताठ झाली. मी विचारलं, छान, आता सांग, एका गायीला चार पाय, तर तीन गायींना किती? इंग्लिशमध्ये विचारलं, मग हिंदीत विचारलं. पोरगं छताकडे बघत राहिलं.

"वो लेसन में नहीं है," म्हणालं.

यावर कोणी हसलं नाही. मी एकेकाला उठवत गेले. शीतल नावाच्या एका मुलीला सगळं आलं. तिला मी शाबासकी दिली, कारण तिला खरंच येत होतं. आणि आमच्याकडे सगळं सोनंच होतं असंही नाही. माझ्याही बावीसमधली पाच अडली, आणि शेजारच्या वर्गातले धुडकू सर तर वर्षभर टेबलावर डोकं टेकून झोपलेले असत, त्यांच्या पोरांची परीक्षा खिडकीतून कोणी बघितली असती तर मीच तोंड लपवलं असतं. पण त्या दिवशी मला हा हिशोब नको होता. मला दारातला पंडित दिसत होता. दर मुलागणिक त्याचा चेहरा उतरत होता आणि मी त्याच्याकडे बघत बघत पुढचं नाव घेत होते.

असं करत सतरा आलं.

वैभव उठला. मी त्याच्या हातात मराठीचं चौथीचं पुस्तक दिलं. तो ओळीवर बोट ठेवून उभा राहिला. मग इंग्लिशचं दिलं, त्याचंच. पहिली ओळ पाठ होती ती म्हटली. मी दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. त्याचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. बारा वर्षांचा घोडा, माझ्या घरात राहणारा, माझ्या ताटाशेजारी जेवणारा, आणि त्याला कुठलीच भाषा वाचता येत नव्हती. मी तीन वर्षं मान वळवून बसले होते, म्हणून मला हे आज, एवढ्या लोकांसमोर कळत होतं.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाला, "आजी."

"इथे बाई म्हण," मी म्हटलं.

हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं ते मला अजून कळत नाही. पंडितने मान खाली घातली, तेवढी लाज त्याला होती. मी बुकात सतराव्या नावापुढे नापास लिहिलं. लगेच अठरावं नाव घेतलं. थांबायला हवं होतं.

एकवीसमधली चार पास झाली. वर्गाबाहेर हिलालने काही आरडाओरडा केला नाही. त्याने पोराच्या गळ्यातला टाय सोडवला, नीट घडी घातली आणि पंडितच्या हातात ठेवला. त्याचं बघून दुसऱ्याने ठेवला, मग कुसुमने. पंडित दोन्ही हातांत टाय घेऊन उन्हात उभा होता. हेच मला हवं होतं. फेब्रुवारीपासून मी याचीच वाट बघत होते. आणि ते समोर घडत असताना मी वैभवला शोधत होते. तो मागच्या दाराने एकटाच घरी निघून गेला होता.

त्या रात्री योगेंद्र एवढंच म्हणाला, की सूड पंडितवर उगवायचा होता तर उगवायचा, पोराचा बळी कशाला? शिकवू नकोस असा निरोप तूच आणला होतास, हे जिभेवर आलं होतं, ते गिळलं. निरोप त्याने आणला, पण पाळला मीच.

पंडितचं फार काही बिघडलं नाही. वर्षभर शाळा रिकामी होती, मग कोणाकोणाला धरून त्याने मान्यता आणली आणि हंसाला नवा रंग दिला. त्याच्याकडून ज्यांनी पोरं काढून नेली त्या लोकांनीही आमच्याकडे आणली नाहीत, पलीकडच्या गल्लीत आणखी मोठ्या पाटीची शाळा निघाली होती, तिथे घातली. फक्त हिलालने पोराला आमच्याकडे पाठवलं. माझ्या पटावरची भुतं गेली, वर्ग मोडला, मी फाजल ठरले. भिकन सरांना ठपका बसला. माझी बदली तापीपलीकडच्या शाळेत झाली, दोन बस बदलून जावं लागतं. याचं मला वाईट वाटत नाही. पंडितला मी अजून माफ केलेलं नाही, करणारही नाही. वाईट वाटतं ते एकाच गोष्टीचं.

परीक्षेनंतर मेच्या सुट्टीत मी रोज दुपारी चटई टाकून बसायचे. पुस्तक समोर, शेजारची जागा रिकामी. आठ दिवस कोणी आलं नाही. नवव्या दिवशी वैभव आला, पाठ माझ्याकडे करून बसला आणि पुस्तक ओढून घेतलं. आम्ही अ पासून सुरुवात केली.

जूनमध्ये नव्या शाळेत सातवीचा वर्ग मिळाला. पटावर चौतीस नावं, आणि सतरंजीवर चौतीस डोकी. मी दोनदा बघून घेतलं. हजेरी घेत घेत शेवटच्या नावावर आले, ते मीच आदल्या दिवशी लिहिलं होतं. नाव वाचलं. वैभव उठून उभा राहिला. माझ्याकडे नाही, फळ्याकडे बघत होता.

"हजर, बाई."

मी त्याच्या नावापुढे खूण केली. मग पिशवीतून शालीचा तुकडा काढला आणि फळा पुसायला घेतला.