वीस गुण देवाचे

"देवाला वीस गुण कशाला हवेत, मास्तर? त्याला कुठे अर्ज करायचाय?"

इलारियाबाई एवढं बोलली, पावांचं गाठोडं पाठीवर घेतलं आणि चालती झाली. तिनेओ मास्तर दारात उभेच राहिले. वान्ता या डोंगरातल्या गावच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं, पण असा प्रश्न त्यांना कुणी घातला नव्हता. आणि घातला कुणी, तर बसथांब्यावर चाप्ले, म्हणजे इथले गोल पाव, विकणाऱ्या, सहीच्या जागी अंगठा उठवणाऱ्या बाईनं.

वीसपैकी वीस गुण देवाचे, एकोणीस मास्तरांचे, पोरांनी अठराच्या वर डोळा ठेवायचा नाही, ही शाळेतली जुनी रीत. तिनेओ मास्तरांना त्यांच्या मास्तरांनी ती अशीच लावून दिली होती. बाकीच्यांनी केव्हाच सोडली; हे मात्र व्रत पाळावं तशी पाळत आले. माणूस मोठा भाविक. शुक्रवारी ख्रिस्ताच्या देवळात केचुआ भाषेतली जुनी भजनं तेच सांगत, आणि त्यांनी सूर लावला की म्हाताऱ्या बायका पदर डोळ्यांना लावत. परिपूर्ण एक देव, बाकी आपण सगळे दोन गुणांनी उणे, अशी त्यांची साधी समजूत.

त्या समजुतीवर इलारियाची पोर नेलिदा अडकून पडली होती. तिला हॉलंडच्या एका विद्यापीठाची शिष्यवृत्ती हवी होती: शिक्षण, राहणं, जेवण, विमानाचं तिकीट, सगळं त्यांचं. बटाट्यावरचा करपा शिकायला ती जाणार होती. गावात थट्टा चालायची, की या लोकांनी आधी आपल्या डोंगरातला बटाटा नेला, आता त्याच्या मागोमाग पोरगी नेतात. पण पोरीनं वर्षभर जिवाचं रान केलं होतं. रात्रभर बसनं लिमाला जाऊन इंग्रजीची परीक्षा दिली, पासपोर्ट काढला, शाळेच्या दाखल्यावर तीन कचेऱ्यांचे शिक्के मिळवले, सरकारमान्य दुभाष्याकडून त्याचं भाषांतर करून घेतलं, आणि आपल्याला हे का शिकायचंय यावर दोन पानी निबंध सात वेळा लिहिला. आता एकच काटा उरला होता. विद्यापीठाला गणितात शंभरातले सत्त्याण्णव हवे होते. वीसपैकी अठरा म्हणजे त्यांच्या हिशेबानं नव्वद.

दोन गुण वाढवून द्या, एवढंच मागायला इलारिया आली होती. मास्तर म्हणाले होते, लिहिलेला आकडा खोडून खोटा लिहिणं माझ्या हातून व्हायचं नाही. आणि देवाचा विषय काढला होता. पुढचं तुम्ही ऐकलंच.

दोन दिवस मास्तरांना चैन पडेना. शुक्रवारी देवळात तिसऱ्या कडव्याला ते चक्क अडखळले.

तिसऱ्या दिवशी दुपारी पावणेपाचला इलारिया पुन्हा दारात. या खेपेला गाठोडं नाही, पायांत एकच चप्पल.

"मास्तर, उठा. आज रात्री बारापर्यंत मुदत म्हणत होतो ना, ते बारा त्यांच्याकडचे. आपल्याकडे सहालाच वाजतात. पोरीनं आत्ता वाचलं."

घोटाळा असा, की बाकी सगळा अर्ज, अठरा गुणांसकट, कालच चढवून झाला होता. राहिलं होतं ते मास्तरांचं शिफारसपत्र. ते मास्तरांनीच, त्यांच्या नावानं आलेल्या दुव्यावरून भरायचं. नेलिदानं त्यांना ईमेलचा पत्ता काढून दिला होता, पण आकडा पुरत नसताना पत्रात काय लिहावं, हे न कळून ते रोज उद्यावर ढकलत होते.

"मला टाइप करता येत नाही गं," मास्तर टोपी शोधत म्हणाले.

"म्हणून तर करणारा घेऊन आलेय."

फाटकाबाहेर तीनचाकी मोटोटॅक्सी फुरफुरत उभी होती. सीटवर मास्तरांचा मुलगा एफ्राइन. गाडीच्या पाठीवर मोठ्या पिवळ्या अक्षरांत रंगवलं होतं: वीस देवाचे. गावाला वाटे, काय सोज्वळ पोरगा, बापाचा वारसा चालवतो. तो टोमणा आहे, हे दोघांनाच ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी एफ्राइननं ब्राझीलच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. गणितात अठरा हवे होते, बापानं सतरा दिले होते. दोघं एका घरात राहत, एका टेबलावर सूप पीत, पण त्यावर कधी शब्द निघाला नाही. मास्तर त्या गाडीत मात्र कधी बसले नाहीत. चालणं तब्येतीला बरं, असं सांगत.

"मी आपला चालतच—" ते म्हणाले.

"चालत गेलात तर हॉलंडात सकाळ होईल," इलारियानं त्यांना कोपराला धरून आत कोंबलं.

गाडी उताराला लागली तशी मास्तरांची टोपी उडाली, इलारियानं ती हवेतच झेलली. मंडईपाशी एक गाढव आडवं आलं. एफ्राइननं त्याला अशा काही शिव्या घातल्या, की मास्तरांनी क्रूस काढला आणि हसू दाबलं. पाच वाजून बारा मिनिटांनी ते इंटरनेटच्या दुकानात पोचले. नेलिदा एका यंत्रापाशी नखं खात बसली होती. पान उघडलेलं होतं. वरच लिहिलं होतं, की उमेदवारानं हे पत्र पाहू नये.

"चला, मी बाहेर," ती उठली. मास्तरांच्या चेहऱ्याकडे तिनं एकदाच पाहिलं. "जे खरं असेल तेच लिहा, सर."

मायलेकी बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. एफ्राइन यंत्रासमोर बसला, मास्तर त्याच्या मागं खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. सुरुवात सोपी होती: नाव, हुद्दा, मुलीला किती वर्षं ओळखता. एफ्राइनची बोटं पावसासारखी पडत होती. मग मोठी चौकट आली. तुमच्या शाळेची गुण देण्याची रीत वेगळी असल्यास शिक्षकानं ती समजावून सांगावी. स्पॅनिशमध्ये लिहिलं तरी चालेल.

मास्तरांनी ती ओळ दोनदा वाचून घेतली. दोन गुणांसाठी खोटं बोलायची गरजच नव्हती. खरं काय, तेच ते लोक विचारत होते.

"लिही," ते म्हणाले, आणि देवळात कडवं सांगावं तसं ठाय लयीत सांगू लागले. "वीसपैकी वीस मी कुणालाही दिले नाहीत. ते देवाचे, असं मला शिकवलं गेलं. अठरा ही माझ्या हातची शेवटची पायरी. चौतीस वर्षांत त्या पायरीवर चढलेले विद्यार्थी दोन. त्यातली एक नेलिदा."

बोटं पडत होती.

"दुसऱ्याला मी सतरा दिले."

बोटं थांबली. बाहेर कुणीतरी भोंगा वाजवून गेलं.

"लिही. सतरा दिले, कारण तो माझा मुलगा होता आणि लोक काय म्हणतील याची मला भीती वाटली. त्याच्या पेपरात चूक नव्हती. चूक माझी होती. ती या मुलीच्या वाट्याला येऊ नये."

एफ्राइन पडद्याकडेच बघत राहिला. मास्तरांना त्याची फक्त मान दिसत होती, उन्हानं रापलेली.

"हे त्यांना कशाला, बाबा? त्यांना काय देणंघेणं याच्याशी?"

"त्यांना नसेल."

भिंतीवरच्या घड्याळात सहाला अकरा कमी होते. एफ्राइननं लिहायला घेतलं. या खेपेला सावकाश, एकेक अक्षर, आणि संपल्यावर शेवटचा पूर्णविराम द्यायलाही विसरला नाही. मग त्यानं बटण दाबलं. पडद्यावर एक चक्र फिरू लागलं. फिरलं, अडकलं. दुकानदारानं बाकीच्या पोरांना ओरडून खेळ बंद करायला लावले, तसं पुन्हा फिरलं. सहाला चार मिनिटं असताना हिरवी खूण उमटली: पत्र मिळालं.

दुकानात असा गलका झाला, की खेळ मोडलेली पोरंसुद्धा टाळ्या पिटू लागली. नेलिदानं आईला उचलूनच घेतलं. इलारियाला हसावं की रडावं कळेना, तेव्हा तिनं मास्तरांची टोपी, जी अजून तिच्याच हातात होती, झटकून त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि नीट बसवली. पुढे मे महिन्यात होकार आला आणि नेलिदाला निरोप द्यायला अर्धा गाव बसथांब्यावर लोटला, ती हकिकत वेगळी सांगण्यासारखी आहे.

त्या संध्याकाळी देवळाची घंटा झाली तेव्हा बापलेक दोघंच रस्त्यावर उरले. मास्तर सवयीनं घराच्या दिशेला वळले. मग थांबले. एफ्राइन गाडीच्या मागच्या बाजूला गेला होता. चिखलानं अक्षरं माखली होती. त्यानं फडकं काढलं आणि ती पुसली, एकेक, कडांपर्यंत.

"रंग उडत चाललाय," मास्तर म्हणाले.

"उडेना का. दुसरा देता येईल." त्यानं फडकं सीटखाली टाकलं. "बसा, बाबा."

मास्तर आपणहून चढले. टोपी काढून मांडीवर ठेवली, पाठ ताठ केली.

"घरी?" एफ्राइननं विचारलं.

"घरी. पण आधी चौकाला एक फेरी मार."