गाळलेल्या ओळी

खुशालरावांची मुलगी जमुना दर आठवड्याला चावडीवर उभी राहून चिंतामण गुरुजींचं मुलांचं साप्ताहिक मोठ्यानं वाचायची. अक्षरओळख नसलेलं गाव ऐकायचं, आणि त्यात आलं ते खरं मानायचं.

लढाईचे दिवस होते. छापण्याआधी मजकूर सरकारी तपासनिसाला दाखवावा लागे. अमरावतीत एका सकाळी गुरुजी नेहमीसारखं प्रूफ घेऊन गेले. तपासनीस उत्तमरावांनी निळ्या पेन्सिलीनं काही ओळी खोडल्या: नांदगाव खंडेश्वराकडच्या जत्रेत पटकी आहे, नदीचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका.

“हे खोटं आहे का?” गुरुजींनी विचारलं.

“खोटं कोण म्हणतंय? लोक घाबरतील, जत्रा मोडेल.”

“छापणाऱ्याचं नाव खाली घाला म्हणता, ते मला पटतं. बोलणाऱ्यानं जाब द्यावा. पण हे तोंड दाबणं झालं.”

“शाळा सुटली, गुरुजी. घरी जा,” उत्तमराव हसले.

छापखान्यात रमाबाई अक्षरांचे खिळे जुळवत होत्या. नवऱ्याचा चेहरा पाहून म्हणाल्या, “राहू द्या तेवढी जागा कोरी.”

“पोरं विचारतील, इथं काय होतं म्हणून.”

“मग सांगा त्यांना.”

गुरुजींना ते धाडस झालं नाही. छापखान्याला टाळं लागलं असतं. जत्रेची जाहिरात जुळवून तयारच होती. ती त्यांनी त्या जागी बसवली.

पुढच्या आठवड्यात खुशालराव दारात येऊन उभे राहिले. बसले नाहीत.

“जमुना गेली, गुरुजी. पटकीनं.”

गुरुजी जागेवरून उठले.

“तिनंच वाचून दाखवलं आमाले, जत्रा भरून राहिली म्हनून. तुमच्या कागदात आलं, म्हनून नेलं तिले. नदीचं पानी पेली. तुमाले ठाव नव्हतं काय?”

“ठाऊक होतं.”

“मंग काहून नाई सांगितलं?”

खुशालरावांनी पागोटं सारखं केलं. “जत्रा अजून चालूच हाय. आता तिच्या जागी दुसरी पोरगी वाचते. तेवढं ध्यानात ठेवा,” म्हणाले आणि निघून गेले.

त्या दिवशी प्रूफ उत्तमरावांकडे गेलं नाही. गुरुजींनी त्या ओळी पहिल्या पानावर घेतल्या. त्या कोणी खोडल्या, आपण त्या जागी काय भरलं आणि जमुना कशानं गेली, तेही लिहिलं.

“ते न्यायला येतील तुम्हाला,” रमाबाई म्हणाल्या.

“येतील. तोवर गठ्ठे रवाना कर.”

मग त्यांनी पानाच्या तळाशी सर्वांत मोठ्या खिळ्यांत छापणाऱ्याचं नाव जुळवलं: चिंतामण. सरकारचा तेवढा नियम त्यांनी पाळला.