मागे आसन नसलेली गाडी

मागच्या चाकांच्या जोरावर पळणारी ती हलकी, ठेंगणी, जुनी स्पोर्ट्स कार मी पांढुर्ण्याहून स्वस्तात आणली. परंतु तिला आसने दोनच. आमच्या घरी पुढचे आसन आईचे. सून मागे बसते.

"मंग मी का टपावर बसू?" असे विचारून माझ्या बायकोने, उर्मिलेने, गाडी परत करण्याचा हट्ट धरला.

मी ती खरोखर परत करतो की नाही, हे पाहण्यासाठी ती आमच्या गावाहून, सौसरहून, पांढुर्ण्यापर्यंत सोबत निघाली. आई म्हणाली, "बस वं पुढं. एवढं वाकनं माह्यानं होत नाही."

पहिल्याच वळणावर गाडीचे मागचे अंग किंचित झुलले. मी त्यामागील तत्त्व सांगू लागताच उर्मिला हसली. "भाषण राहू द्या जी, जोरात घ्या!"

विक्रेत्याच्या दाराशी मी वेग कमी केला.

"कायले थांबून राहिले?" ती म्हणाली. "चाला पुढं."