अपघाताचा चौकोन

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात मुगाच्या दाण्याएवढा एक चौकोन होता. शेजारी शब्द होता: 'अपघात'. तीन वर्षं तो चौकोन रिकामा होता.

त्यातली खूण दानेश्वरी मॅडमनीच काढून टाकली होती. कोल्हापूरच्या एका कॉलेजात त्या बांधकामाचं नियोजन संगणकावरच्या खेळातून शिकवत. मुलं स्लॅब ओतायची, माणसं नेमायची, दिवस वाचवायची. स्लॅबखालचे टेकू, म्हणजे सेंट्रिंग, लवकर काढलं की इमारत कोसळायची आणि सगळं पहिल्यापासून मांडावं लागायचं. तास तर पाऊणच तासाचा. मग खूण गेली, इमारती उभ्या राहू लागल्या, निकाल सुधारला, आणि त्या निकालावर मॅडम विभागप्रमुख झाल्या. मुलांना सांगायचं तेवढं राहून गेलं. या सत्रात सांगू, पुढच्या सत्रात सांगू.

आज दुपारी सम्राटचा फोन आला. खेळात सगळ्यांत जास्त दिवस वाचवणारा विद्यार्थी. आता कसबा बावड्यात एका इमारतीवर सुपरवायझर होता.

"मॅडम, या की बघायला! तुमच्या खेळातलंच करतोय. सातव्या दिवशी सेंट्रिंग काढायला लावलंय. तेच आता वरच्या मजल्याला वापरणार."

"दोन खांबांत अंतर किती?"

"सहा मीटर. वर विटा पण चढवल्यात. रुद्राप्पा मिस्त्री म्हणतोय, चौदा दिवस थांब. म्हटलं, मामा, तुमच्या पंचांगात मुहूर्त नसंल, आमच्या कम्प्युटरात हाय!"

त्याच्या हसण्यामागून हातोड्याचा ठोका ऐकू आला. मग दुसरा.

मॅडमनी खेळ उघडला. सहा मीटर, सातवा दिवस, वर विटा. चौकोनात खूण केली. पडद्यावरचा स्लॅब मधोमध वाकला आणि आवाज न करता खाली आला. पिवळ्या टोप्यांची चित्रं दिसेनाशी झाली.

"खाली किती माणसं आहेत?"

"अकरा. आता जेवायला पण तिथंच बसतील. सावली हाय न्हवं."

फोनमध्ये लोखंड खणकन पडलं. एक टेकू निघाला असावा. विभागप्रमुखाच्या खुर्चीत त्या ताठ बसल्या होत्या.

"मॅडम? हाय न्हवं लाईनवर?"

"सम्राट, हातोडा थांबव. सगळ्यांना आधी बाहेर काढ. खेळातला अपघात मी बंद करून ठेवला होता. तुझी इमारत तिथंही पडलीच असती."