दुसऱ्या महायुद्धाचा फर्मा

"तहानंतर जर्मनीत धरणं बांधली, असं तुमीच पाठ करून घेतलासा की," मदिना म्हणाली आणि हातातला छापील पेपर तिने बापाच्या मांडीवर टाकला. "मग हे दुसरं महायुद्ध कुटनं आलं?"

लालासाबने खळीचे हात पुसले आणि पेपर डोळ्यांजवळ धरला. शेजारच्या गल्लीतल्या मुलीकडून मदिनाने सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका मागून आणली होती. तिसरा प्रश्न होता, दुसऱ्या महायुद्धाची कारणे लिहा, गुण आठ. दहावीची परीक्षा अकरा दिवसांवर आली होती.

"पुस्तकात असंल. तू नीट बगितलं नसशील."

"तुमीच बगा मग."

लालासाबने पुस्तक उघडलं. पान ऐंशीच्या तळाशी होतं, 'या अपमानकारक तहामुळे जर्मन जनतेत'. पान उलटलं, तर पुढे होतं, 'मोठ्या धरणांचे काम हाती घेण्यात आले.' त्या पानाचा आकडा होता सत्त्याण्णव. लालासाबने पुन्हा मागचं पान पाहिलं; तिथे ऐंशीच होता.

तो बाइंडर होता. बिंदू चौकामागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत, पंचवीस वर्षं पुस्तकं बांधत होता. छापखान्यातून मोठे कागद येत. एका कागदावर सोळा पानं, त्याला फर्मा म्हणायचं. फर्म्यांच्या घड्या घालायच्या, ते ओळीने जुळवायचे आणि शिवायचे. ज्या फर्म्यांवर शाई फासली जाई ते रद्दीत जात. छापखान्याच्या मालकाला विचारून लालासाबने असे रद्दीतले फर्मे वर्षभर गोळा केले होते आणि त्यांतून लेकीची दहावीची सगळी पुस्तकं घरीच बांधली होती. इतिहासाला तर लाल कापडाची पाठ लावली होती. फक्त सहावा फर्मा त्यात नव्हता. दुसऱ्यांची हजारो पुस्तकं पान न चुकता बांधणाऱ्या माणसाने लेकीच्या पुस्तकातलं अख्खं महायुद्ध गाळलं होतं.

बरं, गाळलं ते गाळलं, वर ते समजावूनही दिलं होतं. "तह झाला, भांडान मिटलं. भांडान मिटलं की मानसं कामाला लागत्यात, धरणं बांधत्यात. आपल्या राधानगरीगत," असं तो म्हणाला होता, आणि मदिनाने ते वहीत उतरवून घेतलं होतं.

"आन वळिवड्याच्या क्यांपात पोलंडच्या बायका आलत्या म्हनून सारखं सांगता. त्या कुटल्या युद्धातनं आलत्या?" मदिनाने विचारलं.

"युद्धातनं आलत्या. युद्ध म्हंजे युद्ध. मी तवा बारा वर्साचा, मला काय कुनी नंबर सांगिटला व्हता?"

घरात ही माणसं दखनी बोलत. अभ्यासाला बसली की मात्र बापलेक मराठीत भांडत, कारण पुस्तकं मराठी होती. ते भांडण आतल्या खोलीत लालासाबची आई, म्हातारी हुसेनबी, ऐकत असे आणि मधूनच तीही मराठीत तोंड घालत असे.

"आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुटनं येनार? मास्तर सातवी शिकलेला. जयसिंगपूरची मानसं किती दिस वाट बगतील?"

जयसिंगपूरच्या एका दुकानदाराच्या मुलाशी मदिनाचं लग्न ठरवायचं म्हातारीने मनात घेतलं होतं. एकदाच परीक्षेला बसायचं, पास झाली तर कॉलेजचं बघू, नापास झाली तर लग्न, या अटीवर म्हातारीने परीक्षेला होकार दिला होता. मदिनाला मास्तरीण व्हायचं होतं. दुसरी खेप मिळणार नव्हती.

मदिना सातवीला शाळेत दुसरी आली होती. पण चौक ओलांडून पोरीने हायस्कुलात जायचं नाही, असं हुसेनबीने बजावलं, आणि आईपुढे लालासाबची जीभ कधी उचलली नाही. तो स्वतः शाळेत गेला आणि अर्ज देऊन पोरीचं नाव काढून आला. तिला मात्र सांगितलं की हायस्कुलात जागा नाही मिळाली. पोर दोन दिवस रडली आणि तिने विश्वास ठेवला. पुढे कुणीतरी त्याला सांगितलं, सतरा नंबरचा फॉर्म भरला की घरी शिकून बाहेरून दहावीला बसता येतं. त्या दिवसापासून त्याने मास्तरकी अंगावर घेतली. येत काहीच नव्हतं. बीजगणित पाहिलं की त्याचं डोकं दुखे, आणि मदिना तर प्रत्येक पायरीला 'का?' म्हणून विचारी. दोघं एकमेकांवर इतकी वैतागत की ताजबी, मदिनाची आई, भांडी घेऊन मागच्या परड्यात जाऊन बसे. आणि अडलं की मदिनाचं एक वाक्य ठरलेलं असे.

आजही ती तेच म्हणाली. "हायस्कुलात जागा मिळाली असती, तर हे असं झालं नसतं."

लालासाब उठला आणि फळीवर दुरुस्तीला आलेली पुस्तकं चाळू लागला. त्यात दहावीचा इतिहास निघाला. गल्लीतल्या झुंबरबाईने आपल्या लेकीचं पाठ सुटलेलं पुस्तक सकाळीच आणून दिलं होतं आणि संध्याकाळी नेते म्हणाली होती. लालासाबने शिवण उसवली, सहावा फर्मा अलगद बाहेर काढला आणि मदिनापुढे ठेवला.

"लिवून काढ सगळं."

"सोळा पानं?"

"मग काय अर्ध्यातनं युद्ध सोडनार हैस?"

संध्याकाळी झुंबरबाई दारात उभी राहिली. "झालं का वो पुस्तक?"

"खळ वाळंना, वैनी."

"शिमग्याच्या उनात? माझं सांडगं दोन तासात वाळलं की."

पंचवीस वर्षांत त्याने गिऱ्हाइकाला दिलेली वेळ चुकवली नव्हती. त्याला मान वर करवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई पुन्हा आली, तेव्हा चार पानं राहिली होती.

"अजून ओलंच हाय," लालासाब म्हणाला.

"मग बसतो मी हितंच, वाळस्तवर. पोरगी घरात डोकं खायलीया माजं."

बाईने उंबऱ्यावर बसकण मारली आणि हात लांब करून विचारलं, "बगू, किती ओलं हाय ते." तेवढ्यात आतून हुसेनबी काठी टेकत बाहेर आली.

"कीड लागू नये म्हनून खळीत मोरचूद जास्त घातलाय त्यानं," ती म्हणाली. "त्याला काय कळतंय? तू आत ये, च्या घे."

म्हातारीने झुंबरबाईला पाऊण तास चहा पाजला, कंबरदुखीची सगळी हकिकत ऐकवली आणि मदिनाकडे एकदाही पाहिलं नाही. तोवर पानं संपली, फर्मा जागेवर गेला आणि पुस्तक शिवून झालं. त्या दिवशी लालासाबला आईचा फार राग आला. एवढं करता येत होतं, तर तीन वर्षांपूर्वी काय झालं होतं? ते विचारायचं धाडस मात्र तेव्हाही झालं नाही.

परीक्षेत दुसरं महायुद्ध आलंच नाही. धरणं आली, सहा गुणांना.

जूनमध्ये निकाल लागला. मदिना अठ्ठावन्न टक्क्यांनी पास झाली. हुसेनबीने जयसिंगपूरला निरोप धाडला की पोरगी अजून शिकतीया.

कॉलेजच्या खिडकीवर कारकुनाने गुणपत्रिका पाहिली आणि म्हणाला, "शाळा सोडल्याचा दाखला?"

दाखला लालासाबच्या खिशात पाकिटात होता. सतरा नंबरचा फॉर्म भरताना त्याने तो स्वतः नेऊन दिला होता आणि स्वतःच परत आणला होता. लेकीच्या हाती लागू दिला नव्हता.

"मी देतो आत. तू जरा सावलीत थांब," तो मदिनाला म्हणाला.

"तिलाच द्या, पावणं," कारकून म्हणाला. "दाखल्यावरचा मजकूर विद्यार्थ्यानं स्वतःच्या हातानं फॉर्मात भरायचा आहे. मागं रांग बघा."

मदिनाने पाकीट घेतलं. नाव, जन्मतारीख, वर्तन चांगलं. लेखणी भराभर चालली आणि एका रकान्यावर थांबली. दाखल्यावर शाई जरा फिकी झाली होती, पण वाचता येत होतं. शाळा सोडण्याचे कारण : पालकांची इच्छा.

तिने ते दोनदा वाचलं.

"जागा न्हवती म्हनलासा, अब्बा."

"जागा हुती," लालासाब म्हणाला. "तुज्या हेडबाई घरापतोर आलत्या सांगायला. मी न्हाय म्हनलं."

मागचा कुणी खाकरला. कारकुनाने टेबलावर बोटं वाजवली. मदिना परत फॉर्मावर वाकली. तिने ते दोन शब्द होते तसे, काना-मात्रा न चुकवता उतरवले. मग फॉर्म बापाकडे सरकवला आणि तळाच्या रेघेखाली बोट ठेवलं.

"हितं पालकाची सही पायजे. रेघंच्या भाईर जाऊ देऊ नका."

लालासाबने सही केली. ती रेघेच्या बाहेर गेली.