दुसरी बाटली

मालन परबने पिशवीतून रबरी नळी काढली, रिकाम्या बाटलीला चिकटपट्टी लावून तिच्यावर ‘४१, दुसरी’ असं लिहिलं आणि मग मान वर करून विचारलं, “जयंती कुठे आहे? कामावर गेली का?”

जयंतीची आई, वनमाला घाडी, भाकऱ्या भाजत होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली, स्टोव्हची हवा सोडली आणि पदराला हात पुसत म्हणाली, “सोमवारी तेरावं झालं तिचं.”

मालनच्या हातात नळी तशीच राहिली. तीन आठवड्यांपूर्वी याच चटईवर बसून तिने त्या मुलीचं रक्त घेतलं होतं. एकोणीस वर्षांची पोर, अंगात तीन दिवसांचा ताप, डोळे लालबुंद, तरी मरोळच्या कारखान्यातला सुपरवायझर नाकात कसा बोलतो त्याची नक्कल करून दाखवत होती. सुई टोचली तेव्हा हूं की चूं केलं नव्हतं. निघताना मालनने तिला बजावलं होतं, एकविसाव्या दिवसानंतर परत येईन, दुसरी बाटली द्यायची आहे, गावाला बिवाला जाऊ नकोस.

मालनला आधी राग आला तो स्वतःचा. चाळीच्या तोंडाशी कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. पण नाही. बाईसाहेब दार ढकलून सरळ आत, हातात नळी घेऊन, जणू दुधाचा रतीबच घालायला आल्या.

वनमालाने विचारायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. मालन रक्त घेऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी नाकातून रक्त यायला लागलं. हॉस्पिटलात खाट नव्हती, जमिनीवर गादी टाकून दिली. तिसऱ्या दिवशी पहाटे संपलं. दाखल्यावर डॉक्टरने लिहिलं की हृदय बंद पडलं. हे सांगताना तिचा आवाज कुठे हलला नाही. रडून झालेलं दिसत होतं.

“पहिल्या बाटलीत काय निघालं?” तिने विचारलं.

मालनने शंभर घरांत सांगितलेलं पुन्हा सांगितलं. एका बाटलीवरून कळत नाही. एक तापात घ्यायची, दुसरी तीन आठवड्यांनी, दोन्ही शेजारी ठेवून तपासायच्या. दुसरीत भलती वाढ दिसली तर डेंग्यू पक्का. नुसत्या पहिलीचा काही उपयोग नसतो.

“म्हणजे तिने आधी जगून दाखवायचं,” वनमाला म्हणाली. “मग तुम्ही सांगणार, तिला झालं काय होतं ते.”

मालनने नळी पिशवीत टाकली. वनमालाने स्टोव्हला पुन्हा हवा भरायला घेतली, तेव्हा ती चप्पल घालून बाहेर पडली.

अंधेरीच्या कार्यालयात भिंतभर उपनगरांचा नकाशा होता. जिथे केस पक्की झाली तिथे लाल टाचणी. डेंग्यूच्या पाहणीचे प्रमुख नंदकुमार टिपणीस त्या टाचण्या स्वतः लावत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. माणूस सरळ होता. खोट्याचा त्यांना तिटकारा होता, आणि मालन त्यांच्या तालमीत तयार झालेली. दोन वर्षांपूर्वी चंद्रप्रकाश नावाचा सहकारी एकाच दंडातून एकाच दिवशी दोन्ही बाटल्या भरायचा आणि उरलेला दिवस हॉटेलात काढायचा. तक्रार मालननेच केली. त्याची नोकरी गेली, बायको येऊन मालनला शिव्या घालून गेली, तरी मालनला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. तेव्हापासून टिपणीस सगळ्यांसमोर म्हणत, परबबाईंची बाटली मला तपासावी लागत नाही.

त्यांनी एक्केचाळीस नंबरचं कार्ड हातात घेतलं, वाईट झालं म्हणाले, त्यावर ‘जोडी अपूर्ण’ असं लिहिलं आणि टेबलाच्या खालच्या खणात टाकलं.

“तो खण मी बघू?” मालनने विचारलं.

तिने खण उपसून जमिनीवर ओतला आणि फरशीवर फतकल मारून कार्डं लावत बसली. गावी गेलेले एकीकडे, नको म्हणणारे एकीकडे. तिसरा ढीग होईल असं तिला वाटलं नव्हतं. वाकोल्याचा एक रिक्षावाला. कांजूरमार्गच्या दोघी जावा. घाटकोपरची आठ महिन्यांची पोटुशी. जयंतीला धरून अकरा. पुन्हा मोजले, अकराच.

“साहेब, या नकाशात एकसुद्धा मेलेलं माणूस नाही.”

टिपणीसांनी चष्मा काढून पुसला. जे सिद्ध होत नाही ते आपण म्हणायचं नाही, असं ते म्हणाले. एका बाटलीवर उद्या मी काहीही ठरवायला लागलो तर ही पाहणी कसली, तो बाजार झाला. यातला शब्द न् शब्द बरोबर होता आणि त्यामुळेच मालनचं डोकं फिरलं. चुकीच्या माणसाशी भांडता तरी येतं.

“दाखल्यावर हृदय बंद पडलं म्हणून लिहिलंय, साहेब. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. कशाने, ते सांगायचा आपण पगार घेतो ना?”

त्यांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले की घाडींच्या चाळीत दोन केसेस पक्क्या आहेत. शिंपी आणि त्याची सासू, दोघंही ठणठणीत. नियम तीनचा आहे. तीन पक्क्या झाल्या की वस्तीला लागण म्हणता येतं, वॉर्डाला पत्र जातं, मग चाळीमागच्या इमारतीच्या उघड्या टाक्यांवर नोटीस निघते, झाकणं बसतात, औषध मारतात. नुसत्या अळ्या सापडल्या तर बिल्डरला तोंडी समज देतात आणि बिल्डर ती चहाबरोबर पितो.

“आणखी एक पक्की आणा,” टिपणीस म्हणाले, “पत्र त्याच दिवशी टाइप करतो.”

आणा म्हणे. त्याच चाळीत सात नंबरच्या खोलीतल्या धाकटीला कालपासून ताप होता. तिची पहिली बाटली मालनच्या पिशवीतच होती. ती पोर तीन आठवडे जगली तर केस पक्की, नाहीतर तीही खणात. मालनने अकरा कार्डं टिपणीसांच्या टेबलावर मधोमध ठेवली आणि ती उचलून आत टाकायचं काम त्यांच्यावर सोडून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चाळीत न शिरता मागे गेली. अर्धवट इमारतीचं काम पावसाळ्यापासून बंद होतं. सिमेंटच्या चार टाक्या तोंड उघडून पडल्या होत्या, आत स्वच्छ पाणी, डासांना याहून काय हवं. फाटकाशी स्टुलावर दशरथ घाडी बसला होता. जयंतीचा बाप. संपात गिरणी सुटल्यावर चार वर्षं मिळेल ते केलं आणि मग ही चौकीदारी मिळाली. जुलैत याच माणसाने मालनला याच फाटकावर अडवलं होतं. मॅडम, मालकाची परवानगी नाही.

मालन रात्रभर घोकून आली होती ते सगळं तिने त्याला ऐकवलं. तेव्हा आत सोडलं असतं तर टाक्यांत औषध पडलं असतं. कुणाची राखण करत होतात काका, सिमेंटची? चार झाकणं मालकाकडे मागायची तुमची छाती झाली नाही? घरात पोर होती तुमच्या.

दशरथ ऐकत राहिला. मान खाली घातली नाही.

“मागितली,” तो म्हणाला. “म्हणाला, फाटक राखायला ठेवलाय तुला की अक्कल शिकवायला? मी गप बसलो. आणि तू काय केलंस? कागदावर ‘फाटक बंद’ लिहिलंस नि गेलीस. वॉर्डातून माणूस घेऊन परत आली असतीस तर मी काय फाटकावर उभा राहून मारामारी करणार होतो?”

जुलैत तिला त्या दिवशी आणखी नऊ पत्ते करायचे होते, हे खरं होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

दशरथने उठून फाटकाची कडी काढली आणि एक दार पार भिंतीला टेकेपर्यंत ढकललं. मग पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन सिमेंटच्या गोणीवर बसला. मालन मागोमाग गेली. तो शर्टाची बाही वर सरकवत होता.

“वनमाला सांगत होती, दुसरी बाटली लागते.” तो क्षणभर थांबला, आणि मालन आपल्याकडचीच म्हणून गावच्या बोलीत उतरला. “माका पण ताप इलेलो बाय. तिच्याच आठवड्यात. हाडां मोडान इलेली. गोळी खावन ड्यूटी केलंय.”

मुलीच्या नंबरवर तो स्वतःचं रक्त देऊ करत होता.

“हे खोटं होईल, काका.”

“खोटं?” दशरथचा आवाज चढला. “हृदय बंद पडलं ते खरं? आणि रक्त माझं तिचं काय वेगळं होतं?”

“केस पक्की झाली की मालकाला नोटीस येईल. फाटक कुणी उघडलं ते विचारतील. नोकरी जाईल तुमची.”

“जाऊ दे. गिरणी गेली तेव्हा मेलो नाही.”

मालनच्या डोळ्यांसमोर चंद्रप्रकाशची बायको आली, कार्यालयाच्या जिन्यात उभी राहून बोटं मोडणारी. मग सात नंबरची धाकटी आली. टिपणीस बाटली उघडून बघणार नाहीत; एक्केचाळीस नंबर मेल्याचं त्यांना माहीत होतं, पण निकालावर तो ओळखला तर टाचणी लावायची की नाही, ते त्यांनी ठरवायचं. प्रयोगशाळेत तर नावही वाचत नाहीत, फक्त नंबर. सहा वर्षं लावून कमावलेली अब्रू एका दंडाला बांधायची होती. तिने नळी काढली आणि दशरथच्या दंडावर इतकी करकचून आवळली की त्याने तिच्याकडे पाहिलं.

रक्त भराभर आलं. ‘४१, दुसरी’ लिहिलेली बाटली कालचीच होती, पिशवीत तळाशी गेलेली. तिने ती भरली, बूच लावलं, त्याच्या हाताच्या वळीत कापूस दाबून धरायला दिला.

दुसऱ्या बाटलीबरोबर कागद भरावा लागतो. रुग्णाची सध्याची प्रकृती. मालनने कागद मांडीवर घेतला आणि सवयीने मोठ्याने विचारलं.

“ताप?”

“नाय.”

“अंगावर पुरळ? रक्त जाणं?”

“नाय.”

“जेवण?”

“जेवता.”

पुढचा प्रश्न तिने वाचला आणि पेन थांबलं. तो गाळला तर कागद परत येतो, हे तिला पक्कं माहीत होतं. दशरथ वाट पाहत होता. त्याचा जबडा आवळलेला होता आणि कापूस लाल झाला होता.

“नेहमीच्या कामावर जाते का?”

उघड्या फाटकातून मरोळच्या कारखान्यांकडे जाणारा रस्ता दिसत होता. पहिल्या पाळीच्या मुली घोळक्याने चालल्या होत्या.

“जाता,” दशरथ म्हणाला. “आठाक निघता. डबो घेवन.”

मालनने लिहिलं, जाते.