शिवणखोलीतलं ‘अहो’

दवाखान्याच्या धुलाईघरामागे शिवणखोली होती. खिडकीपाशी समोरासमोर दोन मशिनी, भिंतीला कपाट, कोपऱ्यात फाटक्या चादरींचा ढीग. तिथे अठरा वर्षं बुटकी एकटीच राज्य करत होती. उंचीवरून पडलेलं नाव ते. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी थट्टेत म्हटलं, ती सगळ्यांसोबत हसली, आणि नाव जे चिकटलं ते चिकटलंच. तीही कमी नव्हती. दारावरच्या वॉचमनला ‘खांब’ आणि मोठ्या सिस्टरना, अर्थात त्यांच्या माघारी, ‘तोफ’ ही नावं तिनेच ठेवलेली.

काम वाढलं म्हणून दुसऱ्या मशिनीवर एक नवी बाई आली. वयाने बुटकीपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, एका पायाने किंचित लंगडणारी, बोलणं मोजकं. महिना उलटायच्या आत बुटकीच्या कानांना एक गोष्ट टोचायला लागली. दवाखान्यातले बहुतेक सगळे या नवीला ‘बाई’ म्हणत, अहो-जाहो करत. खांब तिच्यासाठी दार धरून उभा राहायचा. मोठ्या सिस्टर दारातून विचारायच्या, “बाई, तुमचे गाऊन झाले का?” आणि त्याच दमात, “बुटके, अभ्रे आण गं.”

अभ्रे उचलताना बुटकी मनात चरफडायची. कालची आलेली ही, हिला मान, आणि आपण काय इथे अठरा वर्षं गवत उपटलं? तिने बाईवर नजर ठेवली. कपडे साधेच, शिकलेली बेताची, शिवण चांगलं पण बुटकीच्या हाताची सर त्याला नव्हती. मग यांना दिसतं तरी काय तिच्यात? घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, तुला काम जमतं ना, मग झालं. त्या दिवशी त्याच्या ताटात भाजी अंमळ आपटूनच पडली.

मग एके दिवशी आयती संधी चालून आली. ऑपरेशनच्या गाऊनला पाठीमागे बांधायच्या नाड्या असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. बाईने बारा गाऊन शिवले, त्यांतल्या दोन गाऊनना दोन्ही नाड्या एकाच बाजूला लागल्या होत्या. घड्या घालताना बुटकीच्या ते ध्यानात आलं. तिने बाईकडे पाहिलं. बाई सुईत दोरा ओवत होती. बुटकीने चुकलेली बाजू आत घातली, घडीवरून हात फिरवला आणि गठ्ठा पाठवून दिला.

दोन दिवसांनी मोठ्या सिस्टर त्यातलाच एक गाऊन घेऊन आल्या. ऐन वेळी डॉक्टरांच्या गाऊनची गाठ बसेना, दुसरा आणेपर्यंत सगळे ताटकळत राहिले होते. बुटकीने मान खाली घातली आणि कान टवकारले. बाईने गाऊन उलटापालटा करून पाहिला.

“माझीच चूक आहे,” ती म्हणाली.

“तुमच्याकडून हे अपेक्षित नव्हतं, बाई. पुढच्या वेळी नीट पाहून पाठवा,” सिस्टर म्हणाल्या आणि निघून गेल्या.

बस, एवढंच. मागच्या वर्षी बुटकीचे अभ्रे चार बोटं आखूड निघाले होते, तेव्हा याच सिस्टरनी भर व्हरांड्यात विचारलं होतं, डोळे फुटले का गं तुझे? हिला बोलणीसुद्धा मानाने मिळतात. बुटकीच्या मनात इतके दिवस धुमसत होतं, ते आता भडकलं.

“काय जादू केलीत हो सगळ्यांवर?” तिने विचारलं. तिच्याही नकळत ‘हो’ निघून गेलं.

बाईला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर तिने मशीन थांबवली. आधीच्या कारखान्यात सहा वर्षं आपल्याला ‘लंगडे’ म्हणून हाक मारत, असं तिने सांगितलं. इथे आल्यावर पहिल्या दिवशीच तिने एकेकाला गाठून म्हटलं होतं, मला तुम्ही म्हणा, मीही तुम्हाला तुम्हीच म्हणेन. बुटकीलाही म्हटलं होतं, पण तिने ते हसण्यावारी नेलं होतं.

“मान काय असा मागून मिळतो?”

“सगळ्यांकडून नाही मिळाला. भांडारातले साहेब अजून ‘ए’च म्हणतात. पण मागितलाच नसता, तर कुणीच दिला नसता.”

बुटकीला तोंडात मारल्यासारखं झालं. अठरा वर्षांत तिने कधी कुणाला काही सांगितलंच नव्हतं. हसून साजरं केलं होतं. तोंड उघडलं होतंच, तर तिने उरलेलंही ओकून टाकलं. “त्या नाड्या मी पाहिल्या होत्या. मुद्दाम बोलले नाही.”

“पाहिल्या होत्यात?” बाई एवढंच म्हणाली आणि तिने मशीन सुरू केली. नंतरचे दोन दिवस कात्री द्या, दोरा घ्या, याखेरीज शब्द नाही. आणि ते ‘द्या’ आणि ‘घ्या’ मात्र सुटले नाहीत. बुटकीला शिव्या परवडल्या असत्या.

तिसऱ्या दिवशी ती उठून मोठ्या सिस्टरच्या खोलीत गेली. गाऊन घड्या घालताना आपण पाहिले होते, दोष एकट्या बाईचा नाही, हे तिने सांगून टाकलं. मग पदर बोटाला गुंडाळत म्हणाली, “आणि मला बुटकी म्हणू नका. ताई म्हणा.”

सिस्टरनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “म्हणेन. पण मग तोफ म्हणणं तुम्हालाही सोडावं लागेल.”

बुटकीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. किती वर्षं ठाऊक होतं यांना? विचारायचं धाडस झालं नाही. “सोडलं,” ती पुटपुटली.

परत आल्यावर तिने बाईला सगळं सांगितलं. बाईने ऐकून घेतलं. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, पण दुपारी डबा उघडताना तिने आपलं स्टूल खिडकीकडे सरकवलं आणि शेजारी बुटकीच्या स्टुलाला जागा केली.

लोकांच्या जिभेला वळण लागायला वेळ लागला. कुणी ‘बु’ म्हणून अडखळायचं, मग ‘ताई’ जोडायचं. वॉचमनला तिने पहिल्यांदा ‘अहो’ म्हटलं तेव्हा त्याने मागे वळून कोण आलंय ते पाहिलं. बाईला मात्र सगळे न अडखळता ‘तुम्ही’ म्हणत. ते ऐकलं की ताईंचा पाय अजूनही मशिनीवर जरा जोरात पडतो.